दारातले तीन श्वास

बाईंचं स्टूल पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू यायचं. तीन पायांचं, घडीचं, जाड कापडाचं, गळ टाकून मासे पकडणारे लोक वापरतात तसलं. एवढ्या नावाजलेल्या संस्थेतली प्राध्यापक, आणि कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना काखेत स्टूल. पण हे हसू फार टिकायचं नाही. बाई ते स्टूल एखाद्या कोपऱ्यात मांडायच्या आणि दोन दिवस बसून राहायच्या. बोलायच्या नाहीत, लिहायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. तिसऱ्या दिवशी बोलायला उभ्या राहिल्या की साहेबलोक एकमेकांकडे बघायला लागायचे, की हिला हे सगळं सांगितलं कुणी?

बाई शिकवायच्या सजग नेतृत्व. आता सजग नेतृत्व म्हणजे नेमकं काय, ते त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही कधी धड सांगता आलं नाही. "मोठमोठ्या साहेबांना श्वास घ्यायला शिकवते," असं ती शेजारणीला सांगायची. त्यावर शेजारीण म्हणाली होती, "का? त्यांना येत नाही?" हा किस्सा बाईंना इतका आवडला की दर वर्षी पहिल्या तासाला त्या तो स्वतःच सांगायच्या. विषयाची थट्टा झाली म्हणून रुसून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आपल्याला काय येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि येत होतंच. बाई मूळच्या सुरक्षा विषयातल्या. कुठे अपघात झाला की चौकशी समितीवर त्यांना बोलवायचे. अशा शंभरावर चौकश्या केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या यंत्राच्या बिघाडाने झालेले अपघात थोडेच. बहुतेक वेळा आदल्या तासाभरात कुणीतरी वरिष्ठ एका खोलीतला राग दुसऱ्या खोलीत घेऊन गेलेला असायचा, आणि तिथला कुणीतरी घाबरून किंवा चिडून भलतंच बटण दाबून बसायचा. म्हणून बाईंनी एक साधा नियम काढला. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दाराच्या मुठीवर हात ठेवायचा आणि तीन श्वास घ्यायचे. पहिल्या श्वासाला मागचं मागे सोडायचं. दुसऱ्याला आत कोण आहे ते आठवायचं. तिसऱ्याला स्वतःला विचारायचं, मी आत कशासाठी चाललोय? मग दार उघडायचं. बस्स, एवढंच. पण एवढ्यावर बाईंची एकोणीस वर्षं गेली, हजारेक साहेब शिकून गेले, आणि त्यांची पाठ वळली की विद्यार्थी त्यांना 'थांबा मॅडम' म्हणायला लागले.

नियम त्या स्वतःही पाळायच्या. वर्गात तर घरचंच उदाहरण द्यायच्या. "माझा नवरा रेडिओ दुरुस्त करतो. दुकान बंद केलंय, पण निम्मं दुकान घरात आहे. संध्याकाळी मी जिना चढते तेव्हा आत रेडिओ ठणाणा करत असतो. मी दाराच्या कडीवर हात ठेवते, तीन श्वास घेते आणि आत जाते. आणि सांगते तुम्हाला, आत गेले की घर शांत असतं. रेडिओ बंद, नवरा बंद." इथे वर्ग हसायचा. बाई हसू ओसरू द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "मी एक शब्द बोललेली नसते. माझी शांतता माझ्याआधी आत गेलेली असते." हे वाक्य साहेबलोक वहीत उतरवून घ्यायचे.

यंदा बाई निवृत्त व्हायच्या होत्या, आणि खरी गोम तिथेच होती. अभ्यासक्रमाला स्वतःचा विभाग नव्हता. बाई होत्या म्हणून तो होता. त्या गेल्या की संस्था त्यावर पडदा टाकणार, बाईंनी तयार केलेले दोन तरुण शिक्षक दुसरीकडे नोकरी शोधणार, आणि एकोणीस वर्षांचं काम कपाटात जाणार. यातून वाट एकच होती. एखाद्या मोठ्या कंपनीने दहा वर्षांचा करार केला तर संस्था त्याचं कायमचं केंद्र करायला तयार होती. आणि अशी कंपनी सापडली. बाटल्या बनवणारा काचेचा कारखाना, तीनशे अधिकारी, आणि सगळ्यात वरच्या खुर्चीत बाईंचा बारा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी.

बाईंनी तेव्हाच त्याचं नाव 'तोफ' ठेवलं होतं, तोंडावर. माणूस हुशार, पण रागावला की फायली भिरकावायचा, फोन आपटायचा. शिकायला आला तोही वरिष्ठांनी दम दिला म्हणून. पण तीन श्वासांचा धडा त्याने असा काही उचलला की बाईही चकित झाल्या. बारा वर्षांत या तोफेतून एकही गोळा सुटला नाही म्हणतात. दर वर्षी न चुकता त्याचं पत्र यायचं, 'मॅडम, अजून थांबतो.' बाई ते पत्र नव्या वर्गाला वाचून दाखवायच्या. आपला हा विद्यार्थी म्हणजे आपल्या कामाचा चालताबोलता पुरावा, असं त्यांना वाटे.

ठरलं असं, की बाईंनी दोन दिवस कारखाना बघायचा, तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात तीनशे अधिकाऱ्यांपुढे बोलायचं, आणि तिथेच, संस्थेचे संचालक हजर असताना, तोफसाहेबांनी करारावर सही करायची.

पहिल्या दिवशी बाईंनी स्टूल मांडलं ते बैठकीच्या खोलीत. रोज सकाळी पाळ्यांचे प्रमुख आणि विभागांचे अधिकारी तिथे जमायचे. कारखानाच काचेचा, तेव्हा या खोलीचं दारही वरपासून खालपर्यंत काचेचं. आत आठ जण होते. एक जण संत्रं सोलत होता. दुसरा सासऱ्याने घेतलेल्या जुन्या गाडीचा किस्सा रंगवून सांगत होता. पाळीप्रमुख, म्हणजे रात्रभर भट्टी आणि यंत्रं सांभाळून आलेला चाळिशीचा दणकट माणूस, फळ्यावर काहीतरी लिहीत होता आणि लिहिता लिहिता शेजारच्याशी तावातावाने बोलत होता. एकूण बरी, नांदती खोली होती.

तेवढ्यात काचेपलीकडे तोफसाहेब आले. दाराच्या मुठीवर हात ठेवला, डोळे मिटले.

सासऱ्याची गाडी होती तिथेच थांबली. संत्रं खणात गेलं. पाळीप्रमुखाने बाहीने फळ्यावरची एक ओळ पुसली आणि तिथे 'ठीक' असं लिहिलं. मग आठही जण टेबलाकडे बघत बसले, आणि टेबलाखाली पाळीप्रमुखाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकताना बाईंना दिसला. एक, दोन, तीन. तिसऱ्या पेरावर दार उघडलं.

"सगळं ठीक?" तोफसाहेबांनी विचारलं. आवाज कसा, तर लोण्यासारखा.

"ठीक, साहेब."

चार मिनिटांत बैठक संपली. तोफसाहेब बाईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "बघितलंत मॅडम? पूर्वी याच बैठकीला दोन तास लागायचे. नुसता आरडाओरडा."

खरं सांगायचं तर त्या क्षणी बाईंचा ऊर भरून आला. आपण लावलेलं झाड एवढं वाढलं, असं वाटलं. पण पुसलेली ती ओळ आणि पेरं मोजणारा तो अंगठा दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. शंभर चौकश्या केलेलं मन ते. एकदा खुपलं की खुपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल तपासणीच्या खोलीत नेलं. तिथे अंधार ठेवलेला असतो. पट्ट्यावरून बाटल्या ओळीने येतात, मागे पांढरा उजेड, आणि समोर बसलेली माणसं त्या उजेडात तडा, बुडबुडा, वाकडेपणा असं काही दिसलं की ती बाटली उचलून बाजूला टाकतात. तिथे सगळ्यात जुनी होती मावशी. कारखाना तिला मावशीच म्हणायचा, पहारेकऱ्यापासून साहेबापर्यंत. सव्वीस वर्षं बाटल्या बघून तिची नजर अशी झाली होती की समोर माणूस उभा केला तरी ती आधी त्याच्या गळ्याकडे बघायची.

तासभर बाई बघत होत्या. मावशी एकाच प्रकारच्या बाटल्या सारख्या उचलत होती. शेवटी तीच म्हणाली, "बाई, बसून बसून पाय अवघडले असतील. या, जरा हे बघा."

बाटलीच्या बुडावर साच्याचा आकडा उठवलेला होता, सहा. मावशीने बाटली उजेडात तिरपी धरली. गळ्यापाशी केसाएवढी रेघ चमकली आणि दिसेनाशी झाली.

"साच्यालाच गेलाय तडा," मावशी म्हणाली. "सोमवारपासून. मी टिपते तेवढ्या टिपते, पण पट्टा काय माझ्यासाठी थांबतो होय? दहात एक निसटतेच. औषधाच्या बाटल्या आहेत या. झाकण पिळलं की गळ्याची कपची आत पडणार. उद्या दुपारी गाडी भरायची आहे."

"मग सांगितलं नाही कुणाला?"

"पाळीप्रमुखाला सांगितलं. त्याने फळ्यावर लिहिलंही होतं. पण साहेब दारात थांबले, मग पुसलं."

"थांबले म्हणून पुसलं?"

मावशीने हातातली बाटली खाली ठेवली आणि बाईंकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "अहो बाई, मागच्या वर्षी एकाने यंत्र बंद ठेवायची परवानगी मागितली. साहेब थांबले. तीन श्वास. मग गोड आवाजात म्हणाले, उद्यापासून तुम्ही गोदाम बघा. त्याच्या आधी एक जण असाच गेला. तेही तीन श्वासांनंतरच. आता साहेब दारात उभे राहिले की सगळ्यांची पाचावर धारण बसते. आज कुणाचा नंबर? खरं सांगू? साहेब तोफेसारखे उडायचे तेव्हा बरं होतं. शिव्या द्यायचे, फाइल फेकायचे, पण त्या फायलीवर काय लिहिलंय ते तरी वाचायचे. आणि आपणही ओरडून उत्तर देऊ शकायचो. गप्प माणसाला काय उत्तर देणार?"

ही थांबायची सवय साहेबांना कुणी लावली, ते मावशीला ठाऊक नव्हतं. कुणी लावली हे बाईंनी सांगितलंही नाही. त्या उठल्या, मावशीच्या हातातली बाटली मागून घेतली आणि तडक तोफसाहेबांच्या खोलीकडे निघाल्या. रागाच्या भरात निघाल्या आणि दारात तीन श्वास घ्यायला साफ विसरल्या, हे इथे सांगून ठेवायला हवं.

"मला तुमच्या दाराबद्दल बोलायचंय," आत शिरताच बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर उभे राहता तेव्हा आत काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

तोफसाहेबांनी हातातलं पेन ठेवलं. बाईंकडे बघितलं. डोळे मिटले.

एक. बाईंना वाटलं, आपला आवाज चढला होता का? दोन. आपण पाहुण्या, असं घुसायला नको होतं. आणि उद्या तर सही आहे. तीन. त्या दोन तरुण शिक्षकांचे चेहरे त्यांच्यासमोर आले, संचालकांचा आला.

तोफसाहेबांनी डोळे उघडले. "मॅडम," ते अगदी मायेने म्हणाले, "तुम्ही दमला आहात. ते मी बघतो. उद्या सकाळी भेटू."

"बरं," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी पाहिलं, बाटली अजून त्यांच्याच हातात होती. साच्याबद्दल एक शब्दही त्यांनी काढला नव्हता. ज्या बाईंनी मंत्र्यांसमोर उभं राहून अपघाताचा दोष मंत्र्यांच्याच पदरात घातला होता, त्या बाई 'बरं' म्हणून बाहेर आल्या होत्या. त्यांना स्वतःचा असा राग आला की बस्स. आणि त्या रागातच त्यांना पुरतं कळलं, की तोफसाहेबांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. बाईंनी शिकवलं होतं तसंच, तंतोतंत केलं होतं. आपलंच औषध आपल्याला पाजलं गेलं होतं, आणि ते कडू होतं.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या भाषणाचे कागद काढले, एकदा वाचले आणि पुन्हा पिशवीत घातले. मग निवांत झोपल्या. काय करायचं ते ठरलं की बाईंना झोप लागायची, हा त्यांचा जुना गुण.

सकाळी पाळी बदलताना त्यांनी मावशीला फाटकाजवळ गाठलं आणि आपला बेत सांगितला. "तुमचं नाव पुढे येईल," त्या म्हणाल्या. "नको असेल तर स्पष्ट सांगा. मी एकटी बोलेन."

मावशीने थोडा विचार केला. "माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. आणि गोदामात बसायला खुर्ची असते म्हणतात," ती म्हणाली. "चला."

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत संचालक नवा कोट घालून बसले होते. टेबलावर करार होता, त्यावर पेन होतं. बाई उभ्या राहिल्या आणि सवयीने घरच्या उदाहरणानेच सुरुवात केली. रेडिओ झाला, जिना झाला, कडीवरचा हात झाला. "आणि आत गेले की घर शांत असतं," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच ते वाक्य वेगळं ऐकू आलं. वर्ग हसतो त्या जागी लोक हसलेही. बाई हसल्या नाहीत.

"पुढचं वाक्य आज नको," त्या म्हणाल्या. "त्याऐवजी एक चूक सांगते. माझी. दर वर्षी मी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेते. या धड्याने फरक पडला का? सगळे लिहितात, खूप पडला. पण हा फॉर्म मी एकोणीस वर्षं फक्त दाराबाहेर उभं राहणाऱ्यांकडूनच भरून घेतला. आत बसलेल्यांना एकदाही विचारलं नाही. आणि ही चूक दुसऱ्या कुणाची असती, तर चौकशी समितीत मी त्याला सोलून काढलं असतं."

संचालकांनी पायावरचा पाय बदलला.

बाईंनी स्टूल उघडून मंचाच्या मधोमध ठेवलं आणि तोफसाहेबांना वर बोलावलं. "बसा."

"यावर?"

"मोडत नाही. मी बसते ना."

तोफसाहेब बसले. गुडघे पार छातीपाशी आले. सभागृहाचं बाजूचं दारही काचेचंच होतं. त्यापलीकडे मावशी येऊन उभी राहिली. तिने मुठीवर हात ठेवला, डोळे मिटले.

पहिल्या श्वासाला तोफसाहेब हसत होते. दुसऱ्याला हसू गेलं आणि हात गळपट्टीकडे गेला. तिसरा श्वास मावशीने जरा लांबवलाच, सव्वीस वर्षांचं साठलेलं होतं. तोफसाहेब स्टुलावरून अर्धवट उठले. "काय झालं? काही झालंय का?"

"तुम्हाला काय वाटलं?" बाईंनी विचारलं.

माणूस प्रामाणिक होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो पुन्हा स्टुलावर टेकला. "वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय. आणि मी काय चुकलं ते आठवायला लागलो."

"सापडलं काही?"

"तीन गोष्टी सापडल्या."

"त्यातली एखादी मावशीला सांगितली असतीत?"

तोफसाहेबांनी मान हलवली. नाही.

"आता तिला विचारा काय झालं ते. श्वास न मोजता विचारा."

मावशी आत आली आणि तिने त्यांच्या हातात बाटली ठेवली. "साचा सहा. गळ्यापाशी बघा. सोमवारपासून चाललंय, साहेब. दुपारी गाडी भरायची आहे."

तिसऱ्या रांगेतून पाळीप्रमुख उठला. "मला ठाऊक होतं, साहेब. मी लिहिलं होतं. आणि पुसलं."

तोफसाहेबांनी बाटली दिव्याकडे धरली. ती रेघ त्यांना दिसली असावी, कारण त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांचा हात सवयीने काहीतरी मुठीत पकडायला गेला, पण मंचावर दार नव्हतं. बारा वर्षांनी तोफ उडाली. "मला कुणी सांगितलं का नाही?"

सभागृह दणाणलं. आणि गंमत अशी, की कुणीच घाबरलं नाही. उलट सगळीकडे माणसं सैल होऊन बसली. मागून कुणीतरी तेवढ्याच जोरात ओरडलं, "तुम्ही विचारलंत कुठे?"

"आता विचारतोय ना!"

"मग चला, साचा काढायचाय," पाळीप्रमुख म्हणाला.

तोफसाहेब बाटली हातात घेऊन मंचावरून उतरले आणि तरातरा दाराकडे गेले. दारात थांबले नाहीत. त्यांच्यामागे पाळीप्रमुख, मग विभागांचे लोक, आणि बघता बघता निम्मं सभागृह रिकामं झालं. जाताना ते सगळे एकाच वेळी बोलत होते. करार टेबलावर तसाच राहिला आणि पेनाचं टोपणही कुणी काढलं नाही.

परतीच्या गाडीत संचालक म्हणाले, "हातातोंडाशी आलेला घास घालवलात, मॅडम. हे सही झाल्यावर बोलता आलं नसतं?"

"गाडी दुपारी भरणार होती," बाई म्हणाल्या. "आणि त्या कागदावर चुकीचा धडा लिहिला होता. आज सही झाली असती तर दहा वर्षं तोच शिकवावा लागला असता. केंद्र होईल. नाही झालं तर त्या दोन शिक्षकांना मी स्वतः कुठेतरी लावून देईन. पण होईल."

"कशावरून?"

"मला शिकवता येतं यावरून."

अर्ध्या वाटेत बाईंचा फोन वाजला. तोफसाहेब होते, मागे यंत्रांचा खडखडाट चालला होता, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. साचा काढला होता, भरलेले खोके परत उघडायला घेतले होते. "तुमचं स्टूल राहिलं, मॅडम."

"राहिलं नाही. ठेवलंय. रोज सकाळी बैठकीत तुम्ही त्याच्यावर बसायचं. सगळ्यांच्या आधी येऊन."

"गुडघे दुखतात हो."

"दुखू द्या."

"आणि करारावर सही केलीय. पण तीन श्वासांचा धडा खोडलाय मी. तिथे जागा मोकळी ठेवलीय. नवीन काय ते तुम्ही लिहा. मावशीला विचारून लिहा."

बाईंनी संचालकांना सांगितलं, सही झाली. संचालक एकदम खुलले आणि उरलेल्या वाटेत केंद्राला कुठला मजला द्यायचा यावर बोलत राहिले. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. जो धडा त्यांनी स्वतः काढला, ज्याने त्यांना नाव दिलं, तो त्यांच्याच लाडक्या विद्यार्थ्याने पेनाच्या एका फटकाऱ्याने खोडला होता. बरोबरच खोडला होता, तरी लागायचं ते लागलंच. पण त्याहून जास्त त्यांना सकाळचं ते स्वतःचं 'घर शांत असतं' हे वाक्य सतावत होतं.

संध्याकाळी गाडीने त्यांना घराशी सोडलं. बाई जिना चढू लागल्या. वरून रेडिओ ऐकू येत होता, नेहमीसारखाच, ठणाणा. दारापाशी पोचल्या आणि हात आपोआप कडीवर गेला. एकोणीस वर्षांची सवय ती. पहिला श्वास आत घेतला गेलाच.

मग त्यांनी तो तसाच सोडून दिला आणि दार ढकललं.

खोलीभर उघडे रेडिओ पडले होते. त्यांच्या मधोमध नवरा पाठमोरा उभा होता. हातातला पेचकस तोंडापुढे धरून तो रेडिओवरच्या गायिकेबरोबर, तिच्याही वरच्या पट्टीत, जीव तोडून गात होता. एक खांदा उडवत होता. बाई बघत राहिल्या. हा गातो? वळता वळता त्याला दारात बायको दिसली. त्याचा हात झटकन रेडिओच्या बटणाकडे गेला.

"अगं, आलीस? कळलंच नाही."

"एरवी कसं कळतं?"

"दाराची कडी हलते, आणि तू बाहेरच थांबतेस. तेवढ्यात मी बंद करतो."

"का बंद करतोस?"

त्याने पेचकस खिशात टाकला, मग पुन्हा बाहेर काढला. "तू थांबतेस, म्हणजे काहीतरी असणार. दमली असशील, चिडली असशील. इतकी वर्षं झाली, मी कधी विचारलं नाही."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. बसायला स्टूल नव्हतं, म्हणून रेडिओंचा एक ढीग सरकवून त्या जमिनीवरच बसल्या. आपल्याला आज रडू येणार आहे हे त्यांना कळलं, आणि येऊ दे म्हटलं.

"बंद करू नकोस," त्या म्हणाल्या. "गा."

"आत्ता? तुझ्यासमोर?"

"हो. पहिल्यापासून."

त्याने आवाज पुन्हा वाढवला, घसा खाकरला, थोडा लाजला आणि गायला लागला. बाईंनी डोळे मिटले नाहीत. तो अगदी बेसूर गात होता.